हिच्या परीक्षेचा तक्ता

४ जानेवारी, रविवार

ही वही डेपोची आहे. जुन्या छापाच्या नोंदवह्या रद्द झाल्या तेव्हा दोन मी घरी आणल्या होत्या. प्रत्येक पानाच्या उजवीकडे 'उशिराचे कारण' असा रकाना छापलेला आहे. घरात त्याचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आता होईल असं दिसतंय.

आज सकाळी कप विसळता विसळता हिने सांगून टाकलं की ती पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला बसणार. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. पदवी घेऊन हिला चौदा वर्षं झाली आणि तेव्हापासून ही एका तपासणी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या नळ्या, लघवीच्या बाटल्या, काचपट्ट्या. मी विचारलं, "आताच काय एकदम?"

"अहो, रोज मी अहवालात लिहून पाठवते की हे जंतू या औषधाला दाद देत नाहीत. का देत नाहीत ते मला कुणी विचारत नाही. आणि उद्या विचारलंच तर मला सांगता येणार नाही. कंटाळा आला मला त्याचा."

परीक्षा एकोणतीस मार्चला, रविवारी. म्हणजे मोजून बारा आठवडे. हिने मोजलेसुद्धा नव्हते! "आहेत की अजून तीन महिने," म्हणाली. तीन महिने म्हणे. मी एकोणीस वर्षं बस डेपोच्या वेळापत्रक विभागात आहे. एकशे बारा गाड्या आणि अडीचशेच्या वर ड्रायव्हर-कंडक्टर रोज माझ्या तक्त्यावर चालतात. घरातल्या एका बाईचा अभ्यास बसवायला असा कितीसा वेळ लागणार?

आई म्हणाली, "करू दे की तिला. तुझं काय जातंय?" आमच्या लेकीने, म्हणजे खारूने, विचारलं की आईलापण गृहपाठ असेल का. (बारा वर्षांची आहे. खिशात सतत काहीतरी खायचं साठवते, म्हणून खारू.) मी दोघींकडे दुर्लक्ष केलं आणि चौकटीचा कागद काढला.

दुपारी चारला तक्ता क्रमांक एक तयार झाला. तीन रांगा: ही, आई आणि खारू. रकाने अर्ध्या-अर्ध्या तासाचे. अभ्यास हिरवा, स्वयंपाक पिवळा, नोकरी निळी, झोप पांढरी. फ्रीजवर लावला. एवढा देखणा तक्ता डेपोतसुद्धा झालेला नाही.

११ जानेवारी, रविवार

पहिल्या आठवड्याचा आढावा. ठरलेला अभ्यास एकवीस तास, झालेला सहा. मी हिला शांतपणे विचारलं की हे असं का. हिने शांतपणे भाजी चिरली.

उशिराची कारणं मी आठवडाभर लिहून ठेवली आहेत. सोमवार: आईचे गुडघे शेकणे. मंगळवार: खारूचा ज्वालामुखी (शाळेचा, पुठ्ठ्याचा). बुधवार: लॅबमध्ये माणूस कमी. गुरुवार: माझी मामेबहीण अचानक आली आणि चार तास बसली. शुक्रवार: मी घरी आल्यावर चहा मागितला. त्याला पाच मिनिटं लागायला हवीत, हिला वीस लागली.

वर ही म्हणते, तिचा अभ्यास होतो आहे! कुठे? तर लॅबमध्ये. नळ्या मशीनमध्ये फिरायला टाकल्या की दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात ही वाचते. शिवाय स्वतःच्या आवाजात प्रश्नोत्तरं फोनमध्ये भरून ठेवली आहेत, ती भांडी घासताना कानात लावते. दहा मिनिटांत कसला अभ्यास? दहा मिनिटांत आमची गाडी फलाटालासुद्धा लागत नाही.

तक्ता क्रमांक दोन केला. पहाटे साडेचार ते सहा हा नवा हिरवा पट्टा घातला. त्या वेळी घरात कुणी उठलेलं नसतं, म्हणजे हिला कुणाचा त्रास नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

आज हिचा फॉर्म भरला. घरातले फॉर्म मीच भरतो, बाकीच्यांना तळटीपा वाचायची सवय नाही.

दोन ठिकाणं आहेत. एक इथलंच कॉलेज, घरापासून सव्वा किलोमीटर, वर्ग संध्याकाळी. दुसरं विद्यापीठ, दोनशे ऐंशी किलोमीटर. तिथे मोठी प्रयोगशाळा आहे म्हणे, इथल्या कॉलेजात नुसतीच पुस्तकं. ही बूट चढवता चढवता म्हणाली, "आधी विद्यापीठ घाला हं, मग आपलं कॉलेज," आणि पळाली.

मी अंतराप्रमाणे लावलं. सव्वा किलोमीटर आधी, दोनशे ऐंशी नंतर. कुठलाही मार्ग लिहिताना जवळचा थांबा आधी येतो. हा साधा नियम आहे आणि मी तो एकोणीस वर्षं पाळतो आहे. फॉर्मखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर दुसरी आपोआप रद्द होईल. तेही वाचलं. सोयीचंच आहे.

विद्यापीठाच्या गावाला आमच्या डेपोची एकच गाडी जाते. सकाळी सहाला सुटते, सव्वाबाराला पोहोचते आणि त्याच दिवशी परत येत नाही. मुक्कामी गाडी आहे. तिचं वेळापत्रक माझ्याच हातचं, म्हणून एवढं पाठ.

२४ जानेवारी, शनिवार

वैताग. हिरव्या पट्ट्यांची आठवण राहावी म्हणून मी घरातल्या जुन्या फोनवर दिवसाला पाच गजर लावले होते. आईला वाटतं दारावरची घंटा वाजते आहे. दर वेळी उठते, गुडघे धरून दारापर्यंत जाते, दार उघडते, बाहेर कुणी नसतं. आज तिसऱ्यांदा परत येऊन म्हणाली, "या सोसायटीतली पोरं फार वाया गेली आहेत." शेवटी गजर बंद केले.

तक्ता क्रमांक एक फ्रीजवरून गायब झाला होता. क्रमांक दोनही. विचारलं तर हिला काही ठाऊक नाही असा चेहरा. क्रमांक तीन लावला आहे, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून.

३१ जानेवारी, शनिवार

मी साडेपाचला आलो. साडेपाच ते सात हिरवा पट्टा, विषय: जिवाणूंची पेशीभित्तिका. ही ओट्यापाशी उभी. मी माझी नेहमीची खुर्ची घेतली, पेपर उघडला आणि अगदी सहज म्हणालो, "तक्त्यात आत्ता पेशीभित्तिका आहे."

ही म्हणाली, "मग आज पेशीभित्तिकाच जेवा."

यावर खारू आणि आई दोघी हसल्या. मी हसलो नाही. ज्याच्यासाठी जिवाचं रान करावं त्यानेच असं बोलावं, याला काय म्हणायचं? मी रोज दुपारचा डबा खाताना हिच्या तक्त्यावर काम करतो. त्याचं कुणाला काही आहे का?

जेवायला सव्वाआठ वाजले.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सराव परीक्षा घेतली. शंभर प्रश्न, दोन तास. मी पर्यवेक्षक. आईला आणि खारूला बाहेरच्या खोलीत बसवून दार लोटलं. आईला दर दहा मिनिटांनी काहीतरी हवं व्हायचं. दोनदा मी पाणी नेऊन दिलं, तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की काय हवंय?" तर म्हणाली, "काही नाही रे, मला वाटलं सून येईल."

शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर!

मी तक्ता क्रमांक चारसमोर उभा राहिलो. खरं सांगायचं तर छाती फुगली होती. मग प्रश्न ताडून पाहिले. निम्म्याहून जास्त उत्तरं अशा धड्यांतली, जे तक्त्यात मार्चमध्ये आहेत. आणि जे जानेवारीत होते त्यांतले काही हिने अजून उघडलेलेच नाहीत. म्हणजे ही पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच क्रमाने चालली आहे!

"मग तक्ता कशाला ठेवलास?" मी विचारलं.

"पाठीमागे लिहायला बरा पडतो," ही म्हणाली. "कागद जाड आहे ना, शाई फुटत नाही." आणि कपाटातून एक, दोन आणि तीन क्रमांक काढून दाखवले. पाठीमागे गच्च लिहिलेलं. आकृत्या, बाण, नावं. एकही जागा मोकळी नाही. पुढच्या बाजूचे माझे हिरवे-पिवळे पट्टे मात्र कोरे करकरीत, कशावर एक खूण नाही.

मागच्या वर्षी विद्यापीठाची यादी त्र्याहत्तरला बंद झाली होती. सहज पाहिलं. संध्याकाळी जेवण गेलं नाही. बहुतेक पित्त असावं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज ऑफिसात झालेलं लिहून काढतो, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

डब्याच्या सुट्टीत तक्ता क्रमांक पाच काढत होतो. कागद डेपोचा, त्यामुळे सवयीने हिच्या रांगेवर 'क्रू १' लिहिलं गेलं. तेवढ्यात मामा ड्यूटी बदलून मागायला आले. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, संघटनेचे चिटणीस. तक्ता उलटा असला तरी वाचतात. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट ठेवून वाचायलाच लागले.

"हे कुठल्या मार्गाचं हो साहेब?"

"असंच. कच्चं आहे."

"पहाटे साडेचारला हजर. सुट्टी रात्री साडेदहाला. अठरा तास?" मामांचं बोट पुढे सरकलं. "मधे विश्रांती... ही काय, वीस मिनिटं? त्यातही कायतरी 'शेक' लिहिलंय. साहेब, ही काय माणसाची ड्यूटी आहे का?"

मी म्हणालो, कच्चं आहे, सोडा.

"कच्चं असलं तरी असं लिहू नये. कुणी पाहिलं तर उद्या आम्हाला गेट बंद करावं लागेल." मग त्यांनी पूर्ण कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "सगळ्या फेऱ्या याच एका क्रूवर. याला रिलिव्हर कुठाय? दुसरा माणूसच नाही का तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हणालो.

"मग तो काय करतो?"

"तो तक्ता करतो."

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला कळलं नाही. मामा खो खो हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला. ड्यूटी बदलून घेतली आणि गेले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मामांना घरातलं काय कळतं! डेपो वेगळा, घर वेगळं. डेपोच्या तक्त्यातही माझी रांग नसते. ती कुणाचीच नसते, तक्ता करणाऱ्याची. तो काही गाडी चालवत नाही.

पण मोजून पाहिलं. मी साडेपाचला घरी येतो. साडेपाच ते साडेदहा, पाच तास. आठवड्याचे सुट्टी धरून चाळीसच्या घरात जातात. पाच तक्ते केले आणि हे चाळीस तास एकाही तक्त्यात नाहीत. एवढी मोठी चूक आमच्याकडे शिकाऊ कारकुनाने केली असती तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

१५ फेब्रुवारी, रविवार

स्वयंपाक केला. आई म्हणाली, भात आहे की खीर. खारूने दोनदा घेतला, पण ती काहीही खाते. भांडी घासताना हिचा फोन कानाला लावून पाहिला. हिचाच आवाज, हळू, प्रश्न विचारून थांबणारा. थांबायचा आणि मग उत्तर द्यायचा. दोन प्रश्न ऐकले. एका ठिकाणी मागून माझाच आवाज आला, "अगं, चहा झाला का?" आणि हिने प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला होता.

फोन काढून ठेवला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फॉर्म भरताना मी माझ्या फोनचा नंबर दिला होता, त्यावर निरोप आला. फॉर्ममध्ये काही बदल करायचे असल्यास आजपासून तीन दिवस. अठराला संध्याकाळी बंद.

आपल्या फॉर्ममध्ये बदलण्यासारखं काही नाही. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, फोटो बरा आला आहे. पसंतीचा क्रम अंतराप्रमाणे आहे. हिला उगाच अभ्यासातून उठवण्यात अर्थ नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज ऑफिसात उन्हाळी वेळापत्रक पक्कं केलं. मुक्कामी गाड्यांचं पान मामांच्या हातात पडलं. ते बोट ठेवून वाचता वाचता म्हणाले, "साहेब, ही विद्यापीठाची गाडी जायच्या आधीच परत येते की काय?"

खरंच. सुटण्याच्या रकान्यात मी मंगळवार लिहिला होता आणि परतीच्या रकान्यात सोमवार. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. खोडलं, नीट लिहिलं. घरी आलो तेव्हा ही बाहेरच्या खोलीत जमिनीवर पसरून बसली होती, चारी बाजूंना माझे तक्ते उलटे पडलेले. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "फॉर्ममध्ये एक तांत्रिक गोष्ट राहिली आहे."

"कसली?"

"पसंतीचा क्रम. मी अंतराप्रमाणे लावला. जवळचं आधी."

हिने पेन खाली ठेवलं. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगितलं होतंस."

"पहिली जागा मिळाली की दुसरीचं काय होतं?"

"रद्द होते."

"हे तुम्ही वाचलं होतं?"

मी म्हणालो, वाचलं होतं. खोटं बोलता आलं असतं. आतून आईचा रेडिओ ऐकू येत होता, तोही तिने नेमका त्याच वेळी बंद केला.

मला वाटलं ही ओरडेल. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. ही एवढंच म्हणाली, "मी पास होईन असं या घरात बहुतेक फक्त तुम्हालाच वाटत होतं. म्हणून हे केलंत."

मग फोन मागितला, माझ्या शेजारी बसली आणि क्रम स्वतः बदलला. दुसऱ्या पसंतीशेजारच्या वर जाणाऱ्या बाणावर बोट ठेवलं, विद्यापीठ वर गेलं. चार मिनिटं लागली. फोन परत देताना म्हणाली, "चहा तुम्ही करा. मला दोन धडे संपवायचे आहेत."

केला. मला चहाला पंचवीस मिनिटं लागली. साखर कुठे असते ते माहीत नव्हतं.

१ मार्च, रविवार

तक्ता क्रमांक सहा. चार रांगा. चौथी माझी.

ही रांग पाळणं जमत नाहीये. साडेपाच ते सव्वासहा आईचे गुडघे: शेकाची पिशवी गरम असते तेव्हा आई जागेवर नसते, आई असते तेव्हा पिशवी गार झालेली असते. साडेसहाला खारूचं गणित: मला येतं, पण मी शिकवतो तसं बाईंना चालत नाही म्हणे. साडेसातला स्वयंपाक. आज नऊ वाजले.

उशिराचे कारण: मी.

१८ मार्च, बुधवार

आठवड्यात दोनदा जेवण वेळेवर. लिहून ठेवतो, कारण तोंडाने कुणी म्हणणार नाही.

ही जेवताना बोलत नाही, भिंतीकडे पाहत घास घेते आणि ओठ हलवते. काल मी भाजीत मीठ कमी घातलं होतं की जास्त, हिला कळलंसुद्धा नाही. फॉर्मबद्दल त्या दिवसानंतर हिने एक अक्षर काढलेलं नाही. एकदा भांडून टाकावं की नाही माणसाने? मी तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ही म्हणाली, "एकोणतीस तारखेनंतर." तक्त्यात एकोणतीसनंतर काहीच नाही.

२९ मार्च, रविवार

केंद्रावर सोडायला गेलो. निघताना काय काय घ्यायचं याची मी यादी केली होती: दोन पेनं, ओळखपत्र, प्रवेशपत्राच्या दोन प्रती, पाण्याची बाटली. यादी घरीच राहिली. वस्तू सगळ्या हिच्या पिशवीत होत्या.

फाटकाबाहेर वीस-बावीस वर्षांची पोरं आणि त्यांचे आईबाप. पहारेकऱ्याने मला सावलीतली खुर्ची दाखवून विचारलं, "मुलगा आहे की मुलगी?" मी म्हणालो, बायको. त्याने मला दुसरी खुर्ची दिली, जरा बरी होती.

आत जाण्यापूर्वी ही शेवटचं वाचत उभी होती. हातात तक्ता क्रमांक सहा, घडी घातलेला. पाठीमागे गच्च लिहिलेलं. मग तो माझ्या हातात दिला आणि आत गेली. दोन तास तो घेऊन बसलो. त्यातलं मला काही म्हणता काही कळलं नाही. एका कोपऱ्यात मात्र साध्या मराठीत लिहिलं होतं: 'भात आज बरा झाला होता. सांगायचं राहिलं.'

बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून कळेना. "बरी गेली," म्हणाली, "भूक लागली आहे." इतकंच! बारा आठवड्यांनंतर माणसाला निदान दोन वाक्यं तरी सांगावीत.

२१ मे, गुरुवार

निकाल. एक्क्याऐंशी. विद्यापीठात जागा मिळाली, यादीत नववं नाव.

लॅबमधून हिचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीच्या तक्त्यावर होतो. मी म्हणालो, "छान. संध्याकाळी बोलू." फोन ठेवला आणि मग आठवलं की अभिनंदन म्हणायचं राहिलं. परत लावला तर उचलला नाही, नळ्या फिरायला टाकल्या असतील.

मामांना सांगितलं. त्यांनी पाठीवर थाप मारली. "म्हणजे तो क्रू एक पास झाला?" म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं तर. मेले हे जुने ड्रायव्हर.

मला आनंद झाला. हे स्वच्छ लिहून ठेवतो, कारण चेहऱ्यावर दिसत नाही असं खारूचं म्हणणं आहे. आणि दुसरंही लिहितो, या वहीत कुणी डोकावत नाही. मला ही जायला नको आहे. दोन वर्षं फार होतात. माझी काही तयारी नाही. मला अजून साखरेचा डबा एका खेपेत सापडत नाही. जानेवारीतसुद्धा हेच होतं. मी अंतराचं नाव पुढे केलं.

१२ जुलै, रविवार

उद्या सकाळी सहाला ही जाते. मुक्कामी गाडी. मामांनी ती ड्यूटी मागून घेतली आहे, म्हणाले, हळू चालवतो. मी म्हणालो, हळू नको, वेळेवर चालवा. दोन मिनिटं उशीर झाला तरी माझ्याकडे नोंद येते.

दुपारी घराचा नवा तक्ता केला, दोन वर्षांसाठीचा. सगळ्यांत वर माझी रांग. मग खारू, मग आई. आईने स्वतःहून एक रकाना मागून घेतला: भाजी निवडणे. गुडघ्यांना काही होत नाही म्हणाली, बसून करायचं काम आहे. हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

खालची रांग हिची. तिथे नेहमीचा नमुना वापरला, डेपोतून सुटणाऱ्या गाडीचा. सुटण्याची वेळ: सोमवार, सकाळी सहा. पोहोचण्याची वेळ: सव्वाबारा. पुढचा रकाना परतीचा. आमच्याकडे परतीची वेळ लिहिल्याशिवाय कुठलीही गाडी फाटकाबाहेर पडत नाही. मी पेन्सिल घेऊन बसलो. दर शनिवारी लिहिलं, खोडलं. महिन्यातून दोनदा, खोडलं. परीक्षा झाल्यावर, तेही खोडलं. कागद तिथे पातळ झाला.

ही बॅग भरत होती. कपडे कमी आणि उलटे तक्ते जास्त. एकदम माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "हे बघ, हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. काहीतरी तर लिहावंच लागेल."

हिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली. सहा महिन्यांत सात तक्ते झाले, पुढच्या बाजूला हिने एकदाही काही लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. परतीच्या रकान्यात एकच शब्द.

'कळवीन.'

आता याला काय म्हणायचं? असं कुठल्या तक्त्यात चालतं? उद्या ड्रायव्हर असंच लिहायला लागले तर डेपोला कुलूप लावावं लागेल. खोडरबर माझ्या हाताशीच होता.

तक्ता तसाच फ्रीजवर लावला आहे. पहाटेची चहाची रांग माझी आहे, साडेचारला उठायचं आहे. साखर कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवलं.